बेटांवरच्या शंखशिंपल्यांसाठी बोट भाड्याने घेताना

बोट भाड्याने घेऊन शंखशिंपले शोधायला जायचं ठरलं, की बहुतेक जण आधी सुट्टीचा दिवस बघतात, मग बोट शोधतात. समुद्राचं काय चाललंय ते धक्क्यावर पोचल्यावर कळतं. मग भर भरतीत बेटावर उतरून दोन तास हातभर रुंद पट्ट्यावर येरझाऱ्या घालायच्या आणि पाणी ओसरायला लागलं की परत निघायचं. हा क्रम उलटा करायचा: आधी ओहोटी, मग दिवस, सगळ्यात शेवटी बोट. खालच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

१. बेटावर उतरता येतं का आणि तिथून काय आणता येतं?

छोटी बेटं लांबून बेवारस वाटतात. प्रत्यक्षात एखादं सागरी अभयारण्यात असतं, एखादं खाजगी मालकीचं, एखादं नौदलाच्या ताब्यात. काही बेटं पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद ठेवतात. सुरय पक्षी उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. त्यामुळे बेट खुलं असलं तरी भरतीच्या रेषेच्या वर उगाच चढायचं नाही. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागले तर तुम्ही घरट्याजवळ आहात, मागे फिरा.

दुसरा प्रश्न शिंपल्यांचा. काही किनाऱ्यांवर रिकामे शिंपले हवे तेवढे उचलता येतात, काही ठिकाणी मर्यादा असते आणि संरक्षित क्षेत्रांत बऱ्याचदा एकही उचलायचा नसतो. फ्लोरिडातलं सॅनिबेल बेट शिंपल्यांसाठी प्रसिद्ध, पण तिथेही १९९५ पासून जिवंत शंखशिंपले घ्यायला बंदी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली काही शंखशिंपले आले, त्यात नॉटिलस (गुंडाळीदार कवचाचा समुद्री जीव) आणि राक्षसी शिंपल्यांच्या काही जाती आहेत. याशिवाय संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराचा 'सायटिस' हा आंतरराष्ट्रीय करार राक्षसी शिंपले, क्वीन काँक (कॅरिबियन समुद्रातला मोठा शंख) आणि नॉटिलस यांना लागू होतो. अशा जातीचं रिकामं कवच वाळूत आयतं सापडलं तरी ते सामानातून दुसऱ्या देशात नेताना परवाना मागितला जाऊ शकतो. "मी मारला नाही, सापडला" हे उत्तर विमानतळावर चालत नाही.

ही चौकशी बोटवाल्याकडे करून थांबू नका. तो गिऱ्हाईक घालवायला बसलेला नसतो. वनखातं, बंदर कार्यालय किंवा अभयारण्याचं कार्यालय यांपैकी ज्याच्या अखत्यारीत बेट आहे त्यालाच विचारा.

२. ओहोटीवरून दिवस ठरवा

जगातल्या बऱ्याचशा किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं लागतात आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाण येतं. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. शिंपल्यांसाठी उधाणाचे दिवस हवेत, कारण एरवी पाण्याखाली राहणारी वाळू तेव्हाच उघडी पडते.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. कुठल्याही एका ठिकाणी उधाणातली सगळ्यात खालची ओहोटी दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच सुमाराला येते. एखाद्या बेटावर ती सकाळी दहा-अकराला येत असेल तर पुढच्या पंधरवड्यातही तशीच येईल. म्हणजे एका बेटाची वेळ एकदा उमजली की पुढचे बेत नुसती तिथी बघून आखता येतात. (याची दुसरी बाजू अशी की जिथे ती वेळ गैरसोयीची आहे तिथे ती कायमच गैरसोयीची राहते.)

तरीही नक्की वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या, आणि तक्ता बेटाच्या जवळच्या बंदराचा असू द्या. उंचीचा आकडा जितका लहान तितकं पाणी खाली. आकडा शून्याच्या जवळ किंवा उणे असेल आणि वेळ उजेडाची असेल, तर तो तुमचा दिवस.

पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. खलाशांचा बाराव्या भागाचा नियम आहे: एकूण फरकाचे बारा भाग केले तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग पाणी उतरतं. समजा भरती-ओहोटीत ३.६ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटर उतरेल, दुसऱ्यात ६०, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी ९०. बोट गुडघाभर पाण्यात उभी करून तुम्ही शंख शोधायला गेलात तर त्या मधल्या काळात अर्ध्या-पाऊण तासात ती वाळूवर बसलेली असेल. आणि एकदा बसली की हिशेब सरळ आहे: ओहोटीच्या दोन तास आधी बसलेली बोट ओहोटीनंतर साधारण दोन तासांनीच तरंगणार. चार तासांची सक्तीची विश्रांती, बहुतेक वेळा उन्हात.

भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी बऱ्याच भागात भरती-ओहोटीचा फरक नगण्य असतो. तिथे तक्ता बघण्यापेक्षा गेल्या चार दिवसांत वारा कुठून होता ते बघा.

३. मग हवामान

वादळी वाऱ्यानंतर किनाऱ्यावर सगळ्यात जास्त माल येतो, हे खरं. पण वारा पडला तरी मोठ्या लाटा लगेच पडत नाहीत, आणि छोट्या बोटीतून बेटावर उतरताना त्रास वाऱ्यापेक्षा त्या लाटांचाच होतो. म्हणून वादळाच्या दुसऱ्या दिवशी धावू नका, समुद्र बसू द्या. शिंपले कुठे पळून जात नाहीत.

शांत दिवसांतसुद्धा ऊन चढल्यावर जमीन तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी तो सगळ्यात जोरात असतो. सकाळची ओहोटी मिळाली तर जाता-येता दोन्ही वेळा पाणी शांत मिळतं. अंदाजात विजांचा कडकडाट असेल तर बेत रद्द. उघड्या बेटावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

४. कोणती बोट घ्यायची

पहिल्यांदा जात असाल तर तांडेलासकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसासकट, बोट घ्या, स्वतः चालवायची हौस बाजूला ठेवा. पैसे थोडे जास्त जातील, पण वाळूचे दांडे कुठे सरकलेत, खडप (पाण्यातले खडक) कुठे आहे, कुठल्या तोंडातून आत शिरायचं हे त्याला माहीत असतं, आणि ते नकाशावर नसतं. दुसरा फायदा त्याहून मोठा: तुम्ही वाळूत डोकं खुपसून फिरत असताना कोणीतरी बोटीकडे बघत असतो.

बोट दिसायला कशी आहे यापेक्षा ती किती पाण्यात तरंगते ते विचारा. सपाट तळाची, कमी पाण्यात जाणारी, मागे टांगलेलं इंजिन वर उचलता येणारी बोट या कामाला उत्तम. छपराची, गाद्यांची, मोठी बोट बेटापासून लांबच उभी राहते आणि मग छातीभर पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून जावं लागतं. पाण्यातून परत चढायला शिडी आहे का तेही बघा. ओल्या कपड्यांत काठावरून चढणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

बेटं किनाऱ्याला लागून, आडोशाच्या पाण्यात असतील तर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, चालते. पण मधल्या अरुंद पट्ट्यात ओहोटीची ओढ किती असते ते आधी विचारा. वल्ह्याने तिच्याविरुद्ध परत येणं हे पहिलटकराचं काम नाही.

५. भाडं ठरवताना

बोटवाल्यांच्या वेळा ठरलेल्या असतात: सकाळची फेरी, दुपारची फेरी. नवखी माणसं इथे फसतात. ओहोटी अकराला असेल तर नऊच्या आत बेटावर पोचलं पाहिजे, म्हणजे उतरत्या पाण्यामागे खाली खाली जात शोधता येतं. अकराला तळ गाठायचा आणि पाणी वळलं की थोड्या वेळात निघायचं. बेट पाऊण तासावर असेल तर सव्वाआठपूर्वी धक्का सोडायला हवा. त्याची फेरी दहा ते दोन असेल तर ती स्वस्तात मिळाली तरी तुमच्या कामाची नाही. वेळ बदलून मागा. गर्दीचा हंगाम नसेल तर बहुतेक जण देतात.

धक्क्याचंही विचारा. खाडीतले काही धक्के ओहोटीत कोरडे पडतात. जायचं कसं ते सगळे विचारतात, ओहोटीच्या वेळी परत शिरता येईल का ते कोणी विचारत नाही.

स्वतः बोट चालवणार असाल तर साधारण हे लागतं:

- छायाचित्र असलेलं ओळखपत्र, परदेशात पासपोर्ट
- बोट चालवण्याचा परवाना किंवा प्रशिक्षणाचा दाखला. याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. उदाहरणार्थ, फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला दहा किंवा जास्त अश्वशक्तीची बोट चालवायला सुरक्षा प्रशिक्षणाचं ओळखपत्र लागतं
- अनामत रक्कम, आणि ती कधी, कशी परत मिळणार हे लेखी
- बेटावर उतरायची परवानगी, लागत असेल तर
- बोटीच्या विम्याचा कागद

विम्यात पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, नुकसान धरलंय का ते शोधून काढा. उथळ पाण्यात पहिला फटका त्यालाच बसतो आणि नेमकं तेच अनेकदा वगळलेलं असतं. 'बोट वाळूवर टेकवायची नाही' अशीही अट करारात असू शकते. तसं असेल तर बेटावर उतरण्याचा सगळा बेतच कराराबाहेर जातो. निघण्यापूर्वी बोटीचा तळ जेवढा दिसेल तेवढा, पंखा, कडा आणि इंधनाचा काटा यांचं चित्रण मालकासमोर करून ठेवा. अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं तरी करा. चांगला मालक स्वतःच सुचवतो.

इंधनाचा जुना नियम: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग शिल्लक.

६. सोबत काय घ्यायचं

बोटीत प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा बिनतारी संच, संकटात वाहिनी १६), शिट्टी, नांगर आणि पुरेसा दोर आहे का ते धक्क्यावरच बघून घ्या. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट बांधून चालत नाही, ते डोक्यातून निघून जातं. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका.

स्वतःसाठी: टाच बंद असलेले, ओले झाले तरी चालतील असे बूट (चपला नकोत, चिखल त्या ओढून घेतो), टोपी, लागेल त्याहून जास्त पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी. शिंपल्यांसाठी जाळीची पिशवी, म्हणजे वाळू आणि पाणी गळून जातं. नाजूक वस्तूंसाठी झाकणाचा एक डबा आणि थोडा कापूस. एक छोटी चाळणी. फावडं नको. ते हातात आलं की माणूस खणायला लागतो, आणि खणून निघतात ते बहुतेक जिवंत.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा: कुठलं बेट, कुठली बोट, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं.

७. बेटाला लागताना

इंजिन पूर्ण बंद होईपर्यंत कोणी उतरायचं नाही. लाट बोटीला पुढे ढकलत असताना पुढून उडी मारणारा माणूस बोट आणि वाळू यांच्यामध्ये सापडू शकतो. वाऱ्याच्या आडोशाची बाजू उतरण्यासाठी निवडा. शिंपल्यांची बाजू दुसरीच असली तरी चालत जाता येतं.

नांगर वाळूत टाका, प्रवाळावर किंवा सागरी गवतावर नाही. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडायचा आणि खोली धरताना भरतीला पाणी किती चढेल तेही धरायचं. पाणी उतरत असेल तर बोट खोल बाजूला ठेवा आणि कोणीतरी दर थोड्या वेळाने ती आणखी बाहेर ढकला. पाणी चढायला लागल्यावर धोका उलटा असतो, तेव्हा आखूड दोराची बोट नांगर उचलून आपल्या वाटेने निघून जाते.

उथळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरकवा. वाळूखाली पाकट हा चपटा मासा दडलेला असेल तर त्याला चाहूल लागते आणि तो सटकतो. त्याच्यावर थेट पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. बसलाच, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होतात, पण डॉक्टरकडे जावंच लागतं.

८. शोधायचं कुठे

उतरल्या उतरल्या पहिल्या ढिगावर बसकण मारू नका. आधी एक फेरी मारा.

भरतीने मागे ठेवलेल्या कचऱ्याच्या रेषा वाळूवर दिसतील, शेवाळ, काटक्या, पिसं यांच्या. एकाहून जास्त रेषा असतात: सगळ्यात वरची गेल्या उधाणाची, खालच्या नंतरच्या. वरच्या रेषेत हलके, पातळ, उन्हाने रंग उडालेले शिंपले असतात. वजनदार शंख लाटेला तिथवर नेता येत नाहीत, ते उतारावर खाली, पाणी जिथे मोडतं त्या खळगीत अडकतात. म्हणून शंख हवे असतील तर ओहोटीच्या शेवटच्या तासात पाण्याच्या कडेला राहा आणि वरच्या रेषा परतीच्या वाटेवर बघा. उलटं केलंत तर चांगली वेळ हलक्या मालात जाते.

बेटाची टोकं सोडू नका. दोन बेटांमधल्या पट्ट्यातून पाणी जोरात वाहतं आणि टोकाशी येऊन मंदावतं. मंदावलं की हातातलं टाकतं. टोकाच्या वाळूच्या दांड्याची आतली, शांत बाजू बऱ्याचदा संबंध बेटापेक्षा जास्त देते. खडप असेल तर दगडांच्या मधल्या खाचा बघा, कवड्या अशा ठिकाणी अडकतात. दगड उलटला तर पुन्हा होता तसाच ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात.

सुटा शिंपला लाटांत फिरून बहुधा पालथा पडतो, कारण फुगीर बाजू वर असली की पाणी त्याला सहज उलटवू शकत नाही. वरून दिसतो तो मळकट, झिजलेला पाठीचा भाग. रंग आणि झळाळी आतल्या बाजूला असते. म्हणून कंटाळा न करता उलटून बघा. पाठीवर कडा उतरत्या असलेलं सुबक गोल भोक दिसलं तर ते बहुधा मून स्नेल या शिकारी गोगलगायीचं काम आहे. ती कवच पोखरून आतला प्राणी खाते. असे शिंपले मला तरी अखंड शिंपल्यांपेक्षा जास्त आवडतात, शिवाय ओवायला आयते भोक.

सूर्य समोर, खाली असेल तर वाळूतले उंचवटे सावलीने उठून दिसतात. डोक्यावर आला की सगळं सपाट दिसतं.

एक सापळा सांगायलाच हवा. ओहोटीत शेजारचं बेट वाळूने जोडलं गेलेलं दिसतं आणि पाय आपोआप तिकडे वळतात. पण बारा भागांचा नियम परतीच्या पाण्यालाही लागू आहे. पहिला तास ते गरीब गाईसारखं येतं, तिसऱ्या तासात नाही. मोबाइलवर ओहोटीच्या वेळेचा गजर लावा आणि तो वाजला की मुख्य बेटावर परत या.

९. जिवंत की रिकामा?

शंखाचं तोंड चकतीने बंद असेल किंवा आत मांसल काही दिसत असेल तर तो जिवंत आहे. दोन्ही पाळ्या घट्ट मिटलेला शिंपलाही जिवंत धरायचा. आतून पाय डोकावले तर शंखात साधू खेकडा राहतोय, त्याचं घर नेऊ नका. शंका असेल तर उथळ पाण्यात ठेवून काही मिनिटं वाट बघा. जिवंत निघाला तर जिथून उचलला तिथेच, त्याच बाजूवर ठेवा. किनाऱ्यावरून पाण्यात भिरकावणं म्हणजे सुटका नव्हे.

उष्ण समुद्रात कोनशंखाच्या बाबतीत मात्र वाट बघत बसायचं नाही. आकार शंकूसारखा, वरचं टोक रुंद, तोंड म्हणजे लांब अरुंद फट, अंगावर अतिशय सुंदर नक्षी. आतला प्राणी विषारी काटा भाल्यासारखा मारतो. जिओग्राफी कोन या जातीच्या दंशाने माणसं मेली आहेत आणि या विषावर प्रतिविष नाही. 'रुंद टोकाकडून धरलं की काही होत नाही' असं सांगणारे भेटतील. त्याची सोंड वळून तिथवरही पोचते. खिशात तर अजिबात नको. दंश झालाच तर अवयव हलू न देता पट्टीने आवळून बांधा, माणसाच्या श्वासावर लक्ष ठेवा आणि ताबडतोब मदत बोलवा. (याच कुळातल्या एका शंखाच्या विषावरून तयार झालेलं वेदनाशामक २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते डॉक्टरांवर सोपवा.)

१०. परत आल्यावर

बोट परत देताना पुन्हा चित्रण, इंधनाची नोंद आणि अनामतीची पावती. थकलेल्या अवस्थेत हे टाळलं जातं आणि वाद इथेच होतात.

घरी आणलेले शिंपले गोड्या पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला, जुन्या दातघासणीने घासा. शेवाळ जात नसेल तर पाणी घातलेलं ब्लीच चालतं. भांडं प्लास्टिकचं, खिडकी उघडी, आणि त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल चुकूनही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. कवड्यांना ब्लीच नको, चकाकी जाते. त्यांना साबणाचं कोमट पाणी पुरतं. 'व्हिनेगरमध्ये बुडवा, चमकतील' हा सल्लाही ऐकू नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लात तो विरघळतो.

ठेवायची जागा हा शेवटचा सापळा, आणि तो महिन्यांनी उघड होतो. ओकचं लाकूड आणि साधा पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते, तिने शिंपल्यांवर पांढरी पूड धरते आणि पृष्ठभाग खाल्ला जातो. बाइन या संग्राहकाने १८९९ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा दोष जिवाणूंवर ठेवला होता, म्हणून अजूनही याला 'बाइनचा रोग' म्हणतात, पण हा रोग नाही. खारेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा, खडखडीत वाळवा, काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, आणि डब्यात एक चिठ्ठी टाका: बेट, तारीख, ओहोटीची उंची, बेटाची कोणती बाजू. पुढच्या खेपेला तक्त्याबरोबर हीच चिठ्ठी घेऊन बोटवाल्याकडे जायचं.